दिवस अडतो तो सांध्यांपाशी

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे कारण दिलं होतं आणि ते खरंच होतं. पण डोंबिवलीहून आठ-दहाची लोकल पकडणाऱ्या आईला किंवा भोसरीत पहिल्या पाळीला हजर होणाऱ्या बाबांना तो वाचून वेगळाच प्रश्न पडणार: नऊ वाजता मुलाला शाळेत सोडायचं कुणी? शाळा सातची असताना निदान पोराला गेटातून आत पाठवून पुढे पळता येत होतं. आदेश सगळ्याच शाळांनी पाळला असंही नाही. बसच्या फेऱ्या आणि दोन सत्रांचं गणित काही शाळांना जमेना. मुलाच्या हिताचा निर्णयसुद्धा नोकरदार घरात शिरताना कुठे अडखळतो, ते मात्र त्यातून नेमकं दिसलं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा दिवस तुकड्यातुकड्यांचा असतो. नर्सरी किंवा छोटा शिशू जेमतेम अडीच-तीन तासांचा. त्याच्या अलीकडे-पलीकडे घर, व्हॅन, पाळणाघर, आजीचं घर, शेजार आणि पुन्हा घर. प्रत्येक तुकड्यात मूल कुणाच्या ना कुणाच्या नजरेखाली असतं. घोटाळा होतो तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. व्हॅन आली पण आजी डॉक्टरकडे गेलेली होती; पाळणाघर सातला बंद होतं आणि गाडी कुर्ल्याला उभी आहे; शाळेने बाराऐवजी अकराला सोडलं आणि निरोप आवाज बंद केलेल्या ग्रुपवर पडून राहिला. दुखतं ते हाड नसतं, सांधा असतो. अशा घरांना ‘वेळेचं नियोजन करा’ असा सल्ला सगळेच देतात. वेळ मुळात शिल्लक नसतो. नियोजन करायचं ते या सांध्यांचं, आणि तेवढं केलं तरी निम्मी धावपळ आटोक्यात येते.

पाळणाघर कुठे, हा पहिला निर्णय. घराजवळ की ऑफिसजवळ, यावर घरोघरी वाद होतो आणि ऑफिसजवळचं पाळणाघर मनाला बरं वाटतं: दुपारी डोकावता येईल, मूल जवळ आहे. तरीही बहुतेक घरांनी घराजवळचंच निवडावं. गाडी अडकली, मीटिंग लांबली, तर घराजवळच्या पाळणाघरातून शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचे आजोबा किंवा दुसरे पालक, कुणीही चालत जाऊन मुलाला आणू शकतं. ऑफिसजवळच्या पाळणाघरातून आणू शकते ती एकच व्यक्ती, आणि नेमकी तीच अडकलेली असते. शिवाय रोज गर्दीच्या वेळी चार वर्षांचं मूल लोकलमध्ये चढवणं-उतरवणं हा प्रकार करून पाहण्यासारखा नाही. अपवाद दोन. एक, ऑफिसपर्यंतचा प्रवास स्वतःच्या गाडीने पंधरा-वीस मिनिटांचा असेल. दुसरा, कामाच्या ठिकाणीच पाळणाघर असेल.

हा दुसरा अपवाद कायद्याने आणलेला आहे, फक्त तो विचारावा लागतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच दुरुस्तीने 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा दिली, हे फार थोड्यांना माहीत असतं. 50 ही संख्या सगळ्या कर्मचाऱ्यांची आहे, फक्त स्त्रियांची नव्हे. नोकरीवर घेतानाच स्त्रीला या लाभांची लेखी माहिती द्यायची जबाबदारीही या दुरुस्तीने मालकावर टाकली. पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही पाळणाघराची तरतूद आली. ऑफिसात सोय नसेल तर मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारावं. एकटीने विचारलं तर हसण्यावारी नेतात, चार-पाच जणींनी, आणि बाबांनीही, मिळून विचारलं तर निदान जवळच्या पाळणाघराशी करार करण्यापर्यंत गाडी येऊ शकते.

पाळणाघर बघायला सकाळी अकरा वाजता जाऊ नये. त्या वेळी सगळी पाळणाघरं छान असतात. जावं संध्याकाळी साडेपाच-सहाला. दुपारची बाई गेलेली असते, संध्याकाळची थकलेली असते, मुलं किरकिरत असतात आणि टीव्ही लावलेला आहे की नाही ते कळतं. एका बाईकडे किती मुलं आहेत ते स्वतः मोजावं. मुलं झोपतात कुठे, संडास मुलांच्या उंचीचा आहे का, दार आतून कोण उघडतं, ही पाहणी पाच मिनिटांत होते. मग चालवणाऱ्या काकूंना एकच प्रश्न विचारावा: मागच्या वेळी एखादं मूल पडलं, तेव्हा तुम्ही काय केलं होतं? ‘आमच्याकडे असं कधी झालंच नाही’ असं उत्तर मिळालं, तर दुसरं पाळणाघर बघावं. मुलं पडतातच. ज्या काकू ‘बर्फ लावला, आईला लगेच फोन केला, वहीत लिहून ठेवलं’ असं सांगतात, त्यांच्याकडे मूल ठेवावं. कॅमेऱ्यांचं कौतुक सध्या फार आहे. कॅमेरा असावा, पण काम करणाऱ्या बायका तिथे किती वर्षं टिकल्या आहेत, हा प्रश्न कॅमेऱ्याहून महत्त्वाचा. दर चार महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर मुलाला दर चार महिन्यांनी नव्याने रुळावं लागतं.

रुळायला वेळ द्यावा लागतो, हेही पालक विसरतात. रजा सोमवारी संपते आणि मूल सोमवारीच पहिल्यांदा दिवसभर पाळणाघरात जातं, याला सोय म्हणता येणार नाही. निदान दोन आठवडे आधी सुरुवात करावी: आधी तासभर, मग जेवणापर्यंत, मग झोपेसकट. सोडताना मूल रडेल म्हणून नजर चुकवून सटकणारे आई-बाबा पुढच्या आठ दिवसांची सोय बिघडवून ठेवतात, कारण मग मूल आई दिसेनाशी होईल या धास्तीने घरातही तिचा पदर सोडत नाही. निरोप घ्यावा, थोडक्यात घ्यावा, आणि परत कधी येणार ते घड्याळाने न सांगता मुलाला कळेल असं सांगावं: दूध पिऊन झालं की आई येणार. आणि यावंच.

शहराबाहेर आणि लहान गावांत एक सोय हाताशी असते, तिच्याकडे नोकरदार मध्यमवर्ग बघतच नाही: अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ती चालते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे पूर्वप्राथमिक शिक्षण, आहार आणि वजन-उंचीची नोंद मिळते. आता ‘पाळणा’ योजनेखाली काही अंगणवाड्यांना पाळणाघरही जोडलं जात आहे. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला जे काम केलं, त्यात त्यांच्या लक्षात आलं होतं की आदिवासी पाड्यांवरची मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण आई-बाप कामावर गेल्यावर धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर असतात. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. तिला विकासवाडी म्हणत. मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न हा आधी ‘लहान मूल कुणाकडे’ हा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. आजच्या किती शाळा बारा वाजता मूल बाहेर सोडताना तो विचार करतात?

हात बदलताना

शाळा सुटल्यापासून पाळणाघरापर्यंतचा पंधरा मिनिटांचा प्रवास, हा सगळ्यांत नाजूक सांधा. पाळणाघरच शाळेतून मूल आणून घेत असेल तर उत्तम, त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्यावेत. व्हॅन किंवा रिक्षावाले काका असतील तर त्यांचा परवाना, गाडीचा नंबर आणि आणखी एक संपर्क आधी लिहून घ्यावा. शाळेच्या बसगाड्यांसाठी राज्यात 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत. त्याखाली नोंदलेली गाडी आणि कोंबून भरलेली खासगी रिक्षा यांतला फरक महिन्याच्या पैशांवरून ठरवू नये.

पुण्यात हा प्रवास बहुधा दुचाकीवर होतो, आणि तिथे एक केंद्रीय नियम सर्रास मोडला जातो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याच्या अंगाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. फेब्रुवारी 2023 पासून हा नियम लागू आहे. स्कूटरवर पुढे उभं राहून वारा खाणारं मूल गोड दिसतं खरं. ब्रेक दाबला की त्याचं तोंड थेट हँडलवर आपटतं.

मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, याची फोटोंसह यादी शाळेत आणि पाळणाघरात द्यावी. यादीत तीन नावं हवीत: रोजचं माणूस, ते नसलं तर दुसरं, आणि दोन्ही नसली तर तिसरं. तिसरं नाव नातेवाइकाचंच असलं पाहिजे असं नाही. सोसायटीतल्या दुसऱ्या नोकरदार घराशी आलटून-पालटून करार करता येतो, मंगळवारी तुमच्या मुलीला आम्ही आणतो, गुरुवारी आमच्या मुलाला तुम्ही. हा करार अडचणीच्या दिवशी करू नये. अडचण नसताना दोन-तीनदा वापरून बघावा, म्हणजे मुलालाही ते घर ओळखीचं होतं. यादीबाहेरचं माणूस कितीही ओळखीचं वाटलं, अगदी सख्खा मामा आला, तरी फोन केल्याशिवाय मूल द्यायचं नाही, हे काकूंना स्पष्ट सांगावं. मामा रागावला तर रागावू द्यावा.

एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला किंवा बाबांना हे तिसरं नाव सगळ्यांत जास्त लागतं आणि तेच मागायला त्यांना सगळ्यांत जास्त संकोच वाटतो. त्यांनी मदत मागताना मोघम मागू नये. ‘जरा लक्ष ठेवाल का’ याला लोक हो म्हणतात आणि विसरतात. ‘दर बुधवारी सहा ते सव्वासात तो तुमच्याकडे बसेल, मी शनिवारी तुमच्या मुलीला पोहायला नेईन’ हे लक्षात राहतं.

ताप येतो तेव्हा

पाळणाघरात नव्याने जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं यात वेगळं काही नाही. पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर पुरळ उठवणारा विषाणूजन्य आजार शिशुवर्गांतून हमखास फिरतो. म्हणजे आजारपण अचानक येतं, पण ते येणार हे आधीपासून माहीत असतं. तरीही बहुतेक घरं किरकोळ रजा लग्न-मुंजी आणि कोकणात जाण्यात जूनच्या आधी संपवून बसतात. वर्षाच्या सुरुवातीलाच दोघांनी आपापल्या किरकोळ रजेतला निम्मा वाटा मुलाच्या आजारपणासाठी बाजूला ठेवावा. सरकारी नोकरीत असणाऱ्यांना आणखी आधार आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पित्यांना संपूर्ण सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पहिले 365 दिवस पूर्ण पगारी आणि पुढचे 80 टक्के पगारावर. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची अशी रजा दिली. दहावी-बारावीसाठी ती राखून ठेवण्याचा मोह अनेकींना होतो. मात्र तीन-चार वर्षांचं मूल तापाने फणफणलेलं असताना तिचा उपयोग बोर्डाच्या परीक्षेहून कमी होत नाही.

सकाळी अंग गरम लागलं, पॅरासिटॅमॉल पाजलं, ताप उतरला आणि मूल शाळेत, ही चाल सगळे पालक एकमेकांवर खेळतात. औषधाचा अंमल चार-सहा तासांत उतरतो आणि अकरा वाजता फोन येतो. औषधाशिवाय 24 तास ताप आला नाही तरच मुलाला पाठवावं. मुलाचं ताजं वजन आणि डॉक्टरांनी त्या वजनाला सांगितलेला पॅरासिटॅमॉलचा डोस फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावा, कारण डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि औषध देणारं माणूस दर वेळी आईच असेल असं नाही. श्वास जोरजोरात चालणं, मूल सुस्त पडणं, सात-आठ तास लघवी न होणं, फीट येणं, यांतलं काही दिसलं तर कुणाला विचारत बसू नये, 108 ला फोन करावा किंवा थेट दवाखाना गाठावा. हेही त्याच कागदावर लिहावं, आजीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

आता तो अकराचा फोन. तो येतो कुणाला? शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर जिचा असतो तिला. बाबांचं ऑफिस शाळेपासून दहा मिनिटांवर आणि आईचं दीड तासावर असलं, तरी फोन आईलाच. मग ती बाबांना फोन करते, त्यांना समजावते, ते निघतात, ती पुन्हा शाळेला कळवते. भारताच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज त्यावर सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच 26 टक्के होतं, स्त्रियांचं 81. ही आकडेवारी हातांनी केलेल्या कामाची. कामाची आठवण ठेवणं, निरोप पोचवणं, विचारणं, यांची मिनिटं कोण मोजणार?

म्हणून फॉर्मवर पहिला नंबर शाळेच्या जवळ असणाऱ्याचा टाकावा. अंतर सारखं असेल तर एका ठिकाणी आईचा, दुसऱ्या ठिकाणी बाबांचा. करायला ही अगदी क्षुल्लक गोष्ट आहे, पण तिचा परिणाम तिच्या आकाराहून खूप मोठा होतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे कामं वाटून घेताना पूर्ण वाटणं. ‘तू सांग, मी करतो’ असं म्हणणारे बाबा प्रामाणिक असतात. सांगणं हेही काम आहे, एवढंच त्यांच्या लक्षात येत नाही. लसीकरण बाबांकडे, तर तारीख लक्षात ठेवण्यापासून पाच वर्षांच्या डीपीटी बूस्टरची वेळ घेऊन मुलाला नेण्यापर्यंत आणि रात्री दंड सुजला तर गार पट्टी ठेवण्यापर्यंत सगळं बाबांकडे. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप एकाकडे, म्हणजे उद्या पिवळा दिवस आहे, पिवळा शर्ट धुवायला टाकलेला आहे, हे कळून त्यावर उपाय करण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच. आणि ज्याच्याकडे काम दिलं त्याच्या पद्धतीने ते होऊ द्यावं. बाबांनी निळ्या पँटवर हिरवा शर्ट घालून पाठवलं, तर मूल निळं-हिरवं जाईल. त्यावर भाष्य केलं की पुढच्या आठवड्यात ते काम परत आईकडे येतं. रविवारी रात्री वीस मिनिटं दोघांनी बसून येत्या आठवड्याच्या पाळ्या, उशीर आणि सुट्ट्या एकमेकांना सांगाव्यात. या बैठकीत सासूबाईंचा विषय काढायचा नाही, असा नियम बऱ्याच घरांना करावा लागतो.

झोप, डबा आणि संध्याकाळचा तो तास

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची डुलकी धरून. हे वाचून रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या आई-बाबांना अपराधी वाटतं: मूल नऊला झोपवायचं तर त्याला बघायचं कधी? इथे थोडं गणित कामाला येतं. पाळणाघरात दुपारी दोन तास झोप होत असेल तर रात्री दहा ते सकाळी सात ही झोप धरून 11 तास होतात. उशिरा घरी येणाऱ्या पालकांनी दुपारची झोप काटेकोर सांभाळायला काकूंना सांगावं. त्या झोपेमुळे त्यांची संध्याकाळ वाचते. उलट ज्यांच्या घरी सातला सगळे जमतात आणि मूल अकरापर्यंत नाचतं, त्यांनी दुपारची झोप तासावर आणून बघावी.

सकाळ सोपी करायची ती आदल्या रात्री, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्यावर फार लिहायला नको. फक्त कपड्यांकडे लक्ष द्यावं. इलॅस्टिकची चड्डी आणि वेल्क्रोचे बूट असले, तर चार वर्षांचं मूल स्वतः तयार होतं आणि शाळेत शी-शूला कुणाची वाट बघत नाही. हुक, बटणं आणि लेस ही मोठ्यांची हौस आहे.

स्वयंपाकाबद्दल मराठी घरात अजूनही एक न बोललेला अभिमान आहे, की बाहेरची पोळी आणणं म्हणजे काहीतरी कमी पडणं. डोंबिवली, ठाणे, कोथरूडच्या पोळी-भाजी केंद्रांनी तो बराच सैल केला हे चांगलं झालं. ही केंद्रं चालवणाऱ्या अनेक बायकाही काम करणाऱ्या आयाच आहेत, आणि घडीच्या मऊ पोळ्या आणून वाचवलेला पाऊण तास मुलाला जास्त उपयोगी पडतो. घरी करायचंच तर आठवड्याला एकदा वाटण, भिजवून मोड आणलेले मूग आणि थालीपिठाची भाजणी तयार असावी. त्यातून रोजचं काहीही उभं राहतं. डब्याला नावीन्य लागतं हा समज शाळांच्या चार्टनी पसरवला आहे. मुलाला तोच डबा आठवड्यातून दोनदा चालतो, उलट आवडतो. त्याला लागतो तो पंधरा मिनिटांत, कुणी भरवल्याशिवाय, हाताने संपणारा घास: रुपयाएवढी थालीपीठं, गूळ-तूप पोळीची गुंडाळी, इडलीचे तुकडे, धिरडं.

एक गोष्ट मात्र डब्यात कधीच नको: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे. लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत शेंगदाण्याचा नंबर फार वरचा आहे, आणि डबा खाताना मुलं हसतात, धावतात. दाण्याचं कूट चालेल, लाडूही बारीक कुटाचा चालेल. द्राक्षं उभी चिरूनच द्यावीत.

घरी पोचल्यावरचा पहिला तास सगळ्यांत कठीण. पाळणाघरात दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं मूल आई दिसताच चपला फेकतं, जमिनीवर लोळतं, आणि काकू म्हणतात, ‘आमच्याकडे तर अगदी गुणी असतो हो!’ दोन्ही खरं असतं. दिवसभर परक्या घरचे नियम पाळून मूल थकलेलं असतं आणि ते सोडून द्यायला त्याला आपलं माणूस मिळालेलं असतं. त्यात भूक असते. म्हणून आणायला जाताना पिशवीत केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू असावा आणि ‘आज शाळेत काय केलं?’ हा प्रश्न निदान तासभर विचारू नये. घरात शिरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून मुलाजवळ जमिनीवर बसावं, मगच कुकर लावावा. आधी कुकर लावला तर ती पंधरा मिनिटं पुढे तासभर हप्त्याहप्त्याने द्यावी लागतात.

स्क्रीनबद्दल आदर्शवाद परवडत नाही. दोन ते पाच वर्षांसाठी रोज जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. हा तास कुठे खर्चायचा ते घराने ठरवावं. जेवताना देऊन तो वाया जातो आणि घास भरवायची सवयही लागते. संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना, आई-बाबांच्या कानावर पडेल अशा आवाजात अर्धा तास दिला, तर तो कामी येतो. उरलेला वेळ मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, कणकेचा गोळा लाटणं यात जातो. अशी मदत कामाचा वेळ वाढवते हे मान्य करूनच घ्यावी.

घराला हातभार लावणारी बाकीची माणसं

आजी-आजोबा असतील तर पाळणाघराचा प्रश्नच मिटला, असं गृहीत धरलं जातं. पासष्टीतल्या गुडघ्यांना चार वर्षांच्या मुलामागे दहा तास धावता येत नाही, आणि ते तसं सांगतही नाहीत. दुपारपर्यंत शाळा-पाळणाघर आणि चारनंतर आजी, ही विभागणी बहुतेक घरांत टिकते. आजीला आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. भजनी मंडळ, बँक, मैत्रीण, काहीही. त्या दिवशी नातवाची व्यवस्था आई-बाबांनी करायची, आजीने करून देऊन जायचं नाही. आणि दिवसभर सांभाळणाऱ्याला संध्याकाळी येऊन ‘आज टीव्ही जास्त लावला का?’ असं विचारू नये. नियम दोन-तीनच ठेवावेत, म्हणजे ते पाळले जातात.

घरी येणाऱ्या मावशींचं गणित आणखी नाजूक आहे. त्यांनाही बहुधा लहान मूल असतं, आणि त्या मुलाला ताप आला की दोन घरं बंद पडतात. महिन्याला ठरलेल्या पगारी सुट्ट्या, दिवाळीचा बोनस आणि ‘उद्या येणार नाही’ हे आदल्या रात्री सांगण्याची मोकळीक, एवढं दिलं तर अचानक दांड्या कमी होतात. ओळखपत्राची प्रत घेणं आणि पोलिसांकडे नोंद करणं हे अविश्वासाचं लक्षण मानू नये, ते पहिल्याच दिवशी सहज उरकून टाकावं.

पैशांचा एक लहान मुद्दा. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना नर्सरी-प्लेस्कूलच्या ट्यूशन फीवर वजावट मिळते. पाळणाघराच्या फीवर मिळत नाही. शाळा आणि पाळणाघर एकाच ठिकाणी असेल तर पावत्या वेगवेगळ्या मागाव्यात.

घरून काम करणाऱ्यांचा गैरसमज शेवटी दूर करायला हवा, की त्यांना पाळणाघर लागत नाही. दार बंद करून आत बसलेली आई तीन वर्षांच्या मुलाला घरात असूनही न मिळणारी आई वाटते, आणि हे तिच्या घरात नसण्याहून जास्त छळतं. घरून काम असलं तरी ते तास कुणीतरी सांभाळायला हवेतच. फक्त दुपारच्या जेवणाला भेटता येतं, हा फायदा आहे आणि तो मोठा आहे.

ही सगळी घडी जूनमध्ये विस्कटते. नर्सरीचं मूल छोट्या शिशूत जातं, शाळेची वेळ पाऊण तासाने सरकते, व्हॅनवाले काका बदलतात, पाळणाघरातलं आवडतं मूल पहिलीत निघून जातं. त्यामुळे नवीन वेळापत्रक शाळेकडून मे महिन्यातच मागून घ्यावं, तीन नावांची यादी आणि फ्रिजवरचा कागद तेव्हाच नवा करावा, आणि वजनाचा आकडा बदलताना डोस डॉक्टरांना पुन्हा विचारून घ्यावा.